गाठ न सुटलेला डबा

देगलूर नाक्यावरच्या खाजामियाँच्या ट्रॅव्हल ऑफिसात लोक यायचे ते मक्केला, उमऱ्याच्या यात्रेला जायचं म्हणून. मुदस्सिर शेख मात्र कूलरसाठी आला. वरच्या मजल्यावर डोळ्यांच्या डॉक्टरकडे अम्मीचा नंबर लागायला वेळ होता, मे महिन्याचं नांदेड जिन्यात उभं राहू देत नव्हतं आणि खालच्या ऑफिसाचं दार उघडं दिसलं.

"थोडं बसू का, मॅडम? गिऱ्हाईक न्हाई आम्ही," त्यानं प्रामाणिकपणे सांगून टाकलं.

"बसा की. खुर्च्यांना तिकीट न्हाई," टेबलामागची तहसीन म्हणाली आणि तिनं पाण्याचा जग पुढे सरकवला.

अम्मी भिंतीवरच्या कॅलेंडरकडे बघत राहिल्या. निळं पाणी, पाण्यावर वाकलेलं झाड, माणूस एकही नाही. "इथं नुसतं बसून राहिलं तर..." त्या पुटपुटल्या आणि पुढचं गिळून टाकलं. मुदस्सिरनं ते ऐकलं, तहसीननंही ऐकलं. दोघांची नजर कॅलेंडरवरून निघून एकमेकांवर येऊन थांबली, तशी दोघांनाही एकदम तहान लागली.

काही दिवसांनी तो भोकरहून एकटाच आला. तिथल्या शाळेत तो भूगोल शिकवायचा.

"अम्मीला बेटावर न्यायचंय. दिवाळीच्या सुट्टीत. अब्बा, अम्मी, धाकटी बहीण आणि मी."

"अम्मींचं नाव सांगा. सोबत कोण?"

"आत्ताच तर सांगितलं... मी!"

तहसीननं जीभ चावली. "सवय हो. उमऱ्याला निघालेल्या प्रत्येक बाईला आधी हेच विचारते मी, नवरा की भाऊ."

"आणि तुम्ही स्वतः कुठं कुठं जाऊन आलात?"

"हैदराबादला. तेपण विमानतळाच्या दारापर्यंत— लोकांना सोडायला."

तो हसला, मग जरा गंभीर झाला. अम्मी जिथं जातील तिथं स्टोव्ह सोबत जायचा. बाहेरचं हलाल असेल की नाही, ही धास्ती. महाबळेश्वरला सगळ्यांनी दऱ्या बघितल्या, अम्मींनी कुकर बघितला. "मला त्यांना एकदा तरी रिकाम्या हातानं बसलेलं बघायचंय, मॅडम. बस्स, एवढंच हवंय."

तहसीनला हे फार आवडलं. मुलं आईबद्दल बोलतात खूप, पण कुकरकडे कुणाचं लक्ष जातं! खाजामियाँ तिचे सख्खे चचा. ते म्हणाले, "आपल्याकडची पहिलीच फॅमिली ट्रिप हाय. तूच सांभाळ, पण नाव घालवू नको."

तिनं झपाट्यानं अंदमानचा बेत आखला. पहाटे फजरची नमाज झाली की लगेच समुद्र. मग दुपारपर्यंत तीन ठिकाणं, दुपारनंतर दोन. सगळ्यांना हिरव्या पिशव्या, गळ्यात ओळखपत्रं आणि रांधायला सोबत हैदराबादचा भटारी. उमऱ्याचे ग्रुप असेच तर जायचे. यात काही चुकतंय हे तिच्या गावीही नव्हतं.

मुदस्सिरनं ते सगळं शांतपणे वाचलं. "मॅडम, ही तर मक्का-मदिनेची जियारत झाली. सुट्टी कुठंय?"

"मग सुट्टीत फजरनंतर काय करतात?"

"परत झोपतात."

"...हे लिहायचं?"

"ठळक लिहा. आणि भटारी नक्को. अम्मी त्याच्या मागं उभ्या राहून मीठ सांगत बसतील."

तहसीनचे कान लाल झाले. इतक्या लोकांचे प्रवास आखले, पण नुसतं बसायचं कसं हे तिला कुणी विचारलंच नव्हतं. मग ती हात धुऊन त्या बेटाच्या मागे लागली. दिसेल त्या हॉटेलला फोन लावायचा आणि भांडी वेगळी आहेत का, मटण कुणाकडून येतं, दारू मिळते का, असं एकेक खोदून विचारायचं. शेवटी एका लहानशा बेटावर, जंगलाच्या कडेला, एका मुस्लीम कुटुंबाचं चार खोल्यांचं घर सापडलं. घरची बाई स्वतः रांधायची. समोरचा किनारा इतका सुनसान, की अम्मींना बुरख्यासकट पाण्यात उतरता येईल.

मुदस्सिरचे फोन मधल्या सुट्टीत यायचे. मागे पोरांचा कालवा असायचा.

"मॅडम, तिथं नमाजाला किब्ला कोणत्या बाजूला?"

"भूगोल तुम्हीच शिकवता ना, सर?"

"हाव. तरी... खात्री करून राहिलो."

"पश्चिमेला, जरा उत्तरेकडं कलून. परवापण हेच विचारलं तुम्ही."

"उत्तर आवडलं होतं."

ती फोन ठेवायची आणि बराच वेळ काम सुचायचं नाही. कॅलेंडरचं मे महिन्याचं पान तिनं उलटलंच नव्हतं. खाजामियाँ दोनदा टोकून दमले.

दिवाळीच्या सुट्टीत नांदेड स्टेशनवर ती त्यांना सोडायला गेली. अम्मींच्या पिशवीतून फडक्यात बांधलेला मसाल्याचा डबा डोकावत होता. तिनं फडक्याच्या गाठीवर बोट ठेवलं.

"अम्मी... हे कशाला?"

"असू दे बेटा. परमुलूख हाय, काय सांगता येतं?"

डबा निघाला म्हणजे पाठोपाठ स्टोव्ह निघणार, हे तिला कळत होतं. पण आयुष्यभराची धास्ती एका फोनवरच्या शब्दानं कशी जाणार? तिनं पिशवी तशीच गाडीत चढवून दिली. मुदस्सिरनंही डबा पाहिला होता. गाडी हलली तरी तो दारातून तिच्याकडेच बघत होता.

मग मुदस्सिरनं बेटावरून एक फोटो पाठवला. वाकलेलं झाड, निळं पाणी, अगदी कॅलेंडरसारखं. पण अम्मी कुठेच नव्हत्या. 'अम्मी कुठंयत?' तिनं लिहिलं, पुसलं. स्वयंपाकघरात आहेत असं उत्तर आलं तर? पुन्हा लिहिलं, पुन्हा पुसलं. त्याच्या हसऱ्या तोंडाची आठवण येत होती, ती वेगळीच.

परतल्यावर मायलेक सरळ ऑफिसात आले. अम्मींनी डबा तिच्या टेबलावर ठेवला. तहसीननं फडक्याला हात लावला. गाठ जशीच्या तशी होती.

"पहिल्या दिवशी ती बाई म्हणाली, तुम्ही बसा," अम्मी सांगू लागल्या. "मी बसले. मग लई रडू आलं, काय की. मग झोपच लागली, झाडाखाली. फोटो काढू दिला न्हाई मी पोराला, घोरत होते." त्या हसल्या, पदरानं डोळे पुसले. "डबा तुझ्याकडंच राहू दे बेटा. पुढच्या वेळी मी मागितला, तरी देऊ नक्को."

एवढं बोलून त्या खाजामियाँच्या केबिनमध्ये गेल्या आणि दार ओढून घेतलं. अम्मींना चचांशी काय बोलायचं असेल? तहसीननं मुदस्सिरकडे पाहिलं. तो घामाघूम झाला होता, आणि कूलर तर चालू होता!

"मॅडम... तहसीन. एक नाव बुक करायचंय. तुमचं."

"सोबत कोण?" सवयीनं तोंडातून निघून गेलं.

"तेच तर... अम्मी आत चचांना रिश्त्याचं विचारून राहिल्या. पण आधी तुम्हाला विचारायचं होतं. गाडीत अख्खी रात्र पाठ केलं, अन् आता आठवंना. मी सोबत असलो तर... चालंल? नको असंल तर आत्ता अम्मीला बोलावतो बाहेर."

केबिनमधून खाजामियाँचं गडगडाटी हसू आलं. खुर्ची सरकली. दार आता कोणत्याही क्षणी उघडणार होतं. तहसीननं डबा दोन्ही हातांनी जवळ ओढला.

"एक अट हाय, सर."

"बोला."

"फजरनंतर परत झोपायचं."

त्याच्या चेहऱ्यावरचा सगळा घाम एकदम हसला.

"ठळक लिहा," तो म्हणाला.