खिडकीतली नकारघंटा

पहिल्याच नकाराला मान देऊन निघून जाणारे गिऱ्हाईक तिने त्या दुपारपर्यंत पाहिले नव्हते.

विजेच्या वस्तूंच्या त्या तीन मजली दुकानात माल विकणारी काउंटरे दारापासूनच झगमगत होती. घेतलेला माल परत करण्याची खिडकी मात्र एकच, आणि तीही पार मागे, जिन्याखाली. त्या खिडकीत ती बसे. सहा महिन्यांच्या तात्पुरत्या नेमणुकीवर आलेली, थोरल्या बहिणीच्या संसारात एका कोपऱ्याचा आसरा घेतलेली, आणि साहेबांच्या चाहुलीने दचकणारी. चाहूल तरी कसली! साहेब रबरी तळव्यांचे बूट घालीत. ते मागे येऊन उभे राहिले आहेत, हे मानेवर उभ्या राहिलेल्या काट्यावरूनच कळे.

पहिल्या दिवशी साहेबांनी तिला एकच धडा दिला होता. "तीन वेळा नाही म्हणायचं. पहिल्यांदा नियम सांगून, दुसऱ्यांदा खोक्यात खोट काढून, तिसऱ्यांदा न बोलता मान खाली घालून. चौथ्यांदा मागणारा शंभरात एखादा. तो आला, तरच मला बोलवायचं. आणि फार वेळा बोलवलंस, तर नेमणूक वाढणार नाही."

हा धडा तिने इतका गिरवला, की बरोबरीच्या मुली तिला नकारघंटा म्हणू लागल्या. तीही त्यांच्याबरोबर हसे. पण हल्ली बहिणीने "अजून वाढू का?" असे विचारले, तरी तिच्या तोंडून आधी "नाही" निघे आणि भूक पोटातच राही. एखाद्या दिवशी आपण भलत्याच ठिकाणी नाही म्हणून बसू, ही धास्ती तिने मनात धरली होती.

त्या दुपारी अवेळी पाऊस लागला होता. एक तरुण खोके कोटाखाली धरून आला. स्वतः भिजला होता, खोके कोरडे होते. तक्रारीच्या चिठ्ठीवर त्याने ठळक अक्षरांत नाव आणि पत्ता लिहिला.

"ही किटली परत करायची आहे. हात लावला की झटका देते."

"आत पाणी घातलं होतं का?"

"किटलीत आणखी काय घालतात?"

तिला हसू आले. ते तिने वेळीच आवरले.

"पाणी घातलं की माल वापरलेला धरतात. वापरलेला माल परत घेता येत नाही."

"मग पाणी न घालता ती झटका देते, हे मला कळावं कसं?"

"नियम आहे... नाही घेता येणार."

त्याने तिच्याकडे पाहिले. रागाने नव्हे, लहान अक्षरातले काहीतरी लक्ष देऊन वाचावे, तसे.

"नाही?"

"नाही."

"बरं," तो म्हणाला आणि खोक्याची दोरी बांधू लागला.

दुसरा नकार तिच्या ओठांवर तयार होता. तो तसाच राहिला. "तुम्ही... भांडणार नाही?"

"मी पलीकडच्या रस्त्यावर डोळे तपासतो. दिवसभर विचारतो, हे अक्षर दिसतं का? माणूस नाही म्हणाला की नाही. तेच तेच विचारून कोणाला दिसायला लागत नाही."

"आणि किटली?"

"कपाटावर ठेवतो. आईचा हात पोहोचणार नाही अशी. घोळ असा आहे, की आईला हीच किटली आवडते." दोन पावले जाऊन तो वळला. "एक सांगू? नाही म्हणताना तुम्ही डोळे बारीक करता. लांबचं कमी दिसत असणार. एकदा या दाखवायला."

"नाही," ती सवयीने म्हणाली.

"बरं," तो हसून म्हणाला आणि खोके पुन्हा कोटाखाली धरून गेला.

भित्र्याचे नमते घेणे आणि सभ्य माणसाचे नमते घेणे वरवर सारखेच दिसते. पण सभ्य माणूस निघून गेल्यावर मागे राहिलेल्यालाच आपली लाज वाटते. तिला ती दुपारभर वाटत राहिली.

चारच्या सुमारास एक बाई तसलीच किटली घेऊन आल्या. त्या भांडल्या, आणि चौथ्यांदा मागून मोकळ्या झाल्या. साहेब आले. मालात दोष नाही हे दाखवण्यासाठी त्यांनी किटलीत पाणी ओतले, बटण लावले आणि ओल्याच हाताने झाकण धरले.

पुढच्या क्षणी साहेब भिंतीला टेकले होते. चेहरा पांढरा फटक, आणि उजवा हात डाव्या हातात धरलेला. त्या बाईंना नवी किटली मिळाली.

"ही मागे टाकून दे," त्या गेल्यावर साहेब दबल्या आवाजात म्हणाले. "आणि कुठे बोलू नकोस."

"साहेब, याच खेपेतली आणखी एक दुपारी गिऱ्हाइकाबरोबर घरी परत गेली आहे. त्यांना कळवू या का?"

"कळवायचं म्हणजे चूक कबूल करायची. नोकरी हवी आहे ना?"

"हो," ती म्हणाली. कित्येक दिवसांत तिच्या तोंडून निघालेला तो पहिला होकार, आणि तो असा!

पाच वाजता पोटात दुखते असे सांगून ती बाहेर पडली. चिठ्ठी मुठीत होती. पाऊस तिरपा लागत होता. आधी ती चालत होती, मग झपझप चालू लागली, आणि शेवटी लाजलज्जा सोडून पळू लागली. कपाट किती उंच असेल? स्टुलावर चढले की हात पोहोचतोच की. आणि म्हाताऱ्या माणसाला वाटेल तिथे स्टूल सापडते...

दुसऱ्या मजल्यावर तिने दार ठोठावले. उत्तर नाही. आत नळ वाहत होता. तिने पुन्हा ठोठावले, मग दोन्ही हातांनी बडवले. नळ वाहतच होता. तो कोणीतरी बंद करावा, म्हणून तिने जन्मात केली नसेल अशी विनवणी मनोमन केली. कोणी केला नाही.

दार नुसते लोटलेले होते. स्वयंपाकघरात एक ठेंगणी बाई पाठमोरी उभी होती. शेजारी स्टूल, ओट्यावर किटली, किटलीचा लाल दिवा लागलेला, आणि त्या किटलीकडे निघालेले दोन्ही ओले हात.

"नाही! काकू, नाही!"

आयुष्यभराच्या नकारांत तो एकच खरा होता, आणि तो काकूंना ऐकूच गेला नाही. तिने धाव घेतली आणि भिंतीतली पिन उपटली. लाल दिवा विझला. काकू वळल्या.

"कोण गं तू? आणि बंद का केलंस?"

"झटका बसतो, काकू!"

"फटका? कोणी मारला तुला?"

"झटका! विजेचा!" ती किंचाळली.

"अगं, त्या मुंग्या होय!" काकूंचा चेहरा उजळला. "त्या तर हव्यातच. रोज पहाटे मनगटाला मुंग्या आल्या की सांधे कसे मोकळे होतात. डॉक्टरला जमलं नाही, ते या किटलीला जमलं बघ."

ती तिथेच फरशीवर बसली आणि हसता हसता रडू लागली. काकूंनी आधी नळ बंद केला, मग तिच्या डोक्यावर पंचा टाकला.

"तुम्ही?" दारातून आवाज आला. तो छत्री मिटायची विसरून उभा होता.

"किटली... परत घ्यायला आले आहे."

"पण तुम्ही तर नाही म्हणालात."

"चुकलं माझं."

त्याने ओट्याकडे पाहिले, स्टुलाकडे पाहिले, आणि त्याच्या चेहऱ्यावरचा रंग उतरला. तो तिच्यासमोर खाली बसला.

"ही मुलगी छान ओरडते," काकू वरून म्हणाल्या. "मला हिचं सगळं ऐकू येतं."

दुसऱ्या दिवशी तिने ती किटली साहेबांदेखत परत घेतली आणि वहीत कारण लिहिले. मग दुकानाच्याच फोनवरून त्या खेपेतल्या किटल्या नेलेल्या एकेका घरी कळवले. साहेब मागेच उभे होते. मानेवर काटा होता, पण तिचा आवाज थांबला नाही. साहेबांनी आपला उजवा हात खिशात घातला आणि ते निघून गेले. महिनाअखेर तिची नेमणूक वाढली नाही. बहीण आठवडाभर धुमसली. मग एका दवाखान्याच्या चौकशी-खिडकीवर काम मिळाले आणि घर शांत झाले.

मधल्या दिवसांत संध्याकाळी तो तिला बसथांब्यापर्यंत सोडू लागला होता. बस आली की दोघेही म्हणत, "पुढची येईलच." एका गुरुवारी ती अखेर डोळे दाखवायला गेली.

अंधाऱ्या खोलीत त्याने तिच्या नाकावर जड चौकट बसवली. भिंगे बदलताना त्याची बोटे कानाशी क्षणभर थबकत.

"हे बरं, की हे?"

"आधीचं."

"आता?"

"धूसर."

"आता?"

"स्पष्ट..."

"माझ्याशी लग्न कराल?"

"नाही."

शब्द सुटून गेला होता. इतके दिवस जपलेली धास्ती नेमकी इथे, या अंधारात खरी ठरली. तिने ओठ दाबून धरले. त्याने एक श्वास घेतला.

"बरं," तो हळूच म्हणाला. अतिशय जपून त्याने चौकट काढली, दिवा लावला आणि पलीकडच्या टेबलाशी जाऊन कागदावर नंबर लिहू लागला. हा माणूस पुन्हा विचारणार नव्हता. आज नाही, उद्या नाही, कधीच नाही.

ती दारापर्यंत गेली. कडीवर हात ठेवला. त्या दिवशी त्याच्या घराच्या दाराशी जशी छाती धडधडत होती, त्याहून अधिक धडधडत होती. कारण इथे वाचवायचे होते ते तिला स्वतःला.

"ऐका," ती म्हणाली. "माणसाने उत्तर चुकीचं दिलं, तर तुम्ही काय करता?"

लेखणी थांबली. "त्याने स्वतःहून सांगेपर्यंत थांबतो."

"मग मी स्वतःहून विचारते. माझ्याशी लग्न कराल?"

खोलीच्या त्या टोकाला एक पुसट आकृती उठून उभी राहिली. हसते आहे की नाही, हे इतक्या लांबून तिला दिसेना. आकृती काही बोलेना. बाहेर बाकावर ताटकळलेले एक आजोबा खाकरले, "अहो, माझी पाळी कधी?"

"मान हलवत असाल, तर मला दिसत नाही," तिचा आवाज फुटला. "तोंडाने बोला!"

"हो," तो म्हणाला. मग घसा साफ करून बाहेरच्या आजोबांनाही ऐकू जाईल इतक्या मोठ्याने म्हणाला, "हो!"

"बरं झालं," बाहेरून आजोबा म्हणाले, "आता मला आत घ्या."

ती दाराला टेकून उभी होती. आजोबांना आणखी थोडा वेळ बाहेरच बसावे लागले.