मागून येणाऱ्याचं नाव

सीमा ओलांडून आलेल्यांच्या आठवणी गोळा करणं हे तिचं काम. विद्यापीठाच्या तिसऱ्या मजल्यावरच्या खोलीत रेकॉर्डर लावून ती ऐकायची, मग अक्षरन् अक्षर कागदावर उतरवायची. ऐकून ऐकून हिचं मन निबर झालंय, असं सहकारी गमतीनं म्हणत.

शिवणकाम करणाऱ्या एका बाईंनी आपलं वाकडं बोट दाखवलं, तेव्हा सुरुवात झाली. चौकीवरच्या अधिकाऱ्यानं त्यांना विचारलं होतं, तुझ्यामागून कोण येतंय? त्या गप्प राहिल्या, तर त्यानं डाव्या हाताची करंगळी मागे वाकवून काडकन मोडली. मग त्यांनी भावाचं नाव सांगून टाकलं. त्या अधिकाऱ्याच्या उजव्या कानाला पाळी नव्हती.

पुढे एका सुतारानं तेच सांगितलं, मग एका नर्सनं. अकरा मुलाखती झाल्या. सीमा वेगवेगळ्या, सालं चाळीस वर्षांत विखुरलेली. प्रश्न, करंगळी आणि कान मात्र तेच. मार्गदर्शक सरांनी हसण्यावारी नेलं. लोक एकमेकांचं ऐकतात, आठवणींची सरमिसळ होते, म्हणाले. तिलाही ते पटलं.

मग तिनं बाबांनाच बसवलं. तेही तसेच आलेले, पण त्याबद्दल कधी अवाक्षर काढत नसत. स्वयंपाकघरात, डावा हात टेबलाखाली ठेवून, ते कसेबसे बोलले.

"माझ्यामागे कुणीच नव्हतं गं. लग्नसुद्धा झालं नव्हतं. जीव वाचवायला तोंडाला आलं ते नाव सांगितलं."

"कुठलं?"

"तुझं. पुढे तुझ्या आईनंच ते निवडलं. मी तिला कधी काही बोललो नव्हतो."

पुढच्या महिन्यात तिला परिषदेसाठी सीमेपलीकडे जायचं होतं. बाबा नको नको म्हणाले. कागदपत्रं चोख होती; ती गेली.

भर दुपारी चौकीवर तिला रांगेतून बाजूला काढलं, आतल्या खोलीत नेलं. फिनेलचा वास होता. भिंतीलगत एक माणूस नाकातलं रक्त बाहीला पुसत बसला होता.

मेजामागच्या अधिकाऱ्यानं मान वळवली. उजव्या कानाला पाळी नव्हती. वय फार तर पंचेचाळीस.

"तुझ्यामागून कोण येतंय?"

तिला घरी ठेवलेली लेक आठवली. तिनं दात आवळले.

करंगळी मोडली. मग शेजारचं बोट. तिसऱ्याला ती गुडघ्यांवर कोसळली, ओकली. पण नाव तोंडातून काढलं नाही.

त्यानं हात सोडला. हरकत नाही, म्हणाला, आणि वही तिच्यापुढे सरकवली.

लेकीचं नाव लिहिलेलं होतं. शाई जुनी, फिकी पडलेली. पुढच्या रकान्यात चौकीवर येतानाचं वय होतं: चौतीस.

लेक परवाच सहा वर्षांची झाली होती.