बुंध्याची गाठ

वाळूची पिशवी माझ्या स्कूटीच्या सीटवर धप्पकन आपटली, तेव्हा मी जेमतेम खाली उतरले होते. पिशवीला बांधलेली पातळ दोरी, आणि दोरीच्या मागोमाग कुंपणावरून डोकावणारं एक घामेजलेलं तोंड.

“लागलं का वो?”

“लागलं असतं तर?”

“तर मीच दवाखान्यात नेलं असतं... त्येवढ्यानं वळख तरी झाली असती.”

मला राग यायला हवा होता. पण मी हसले. माझं हे असंच आहे, नको तिथे हसू येतं.

तो बिरदेव, आटपाडीचा. आष्ट्याला आमच्या अंगणातली जुनी चिंच आतून पोखरली होती आणि तिच्या फांद्या गोठ्यावर झुकल्या होत्या. पावसाळ्याआधी त्या उतरवायला आबांनी त्याला बोलावलं होतं. आबा म्हणजे माझे वडील, लालासाहेब. फौजेत सव्वीस वर्षं काढून आलेले. आमच्या घरात चपलासुद्धा रांगेत उभ्या राहतात.

बिरदेव चढायचा एकाच दोरावर. वाळूची पिशवी फेकून पातळ दोरी उंच बेचक्यातून पार करायची, मग तिच्यामागून जाड दोर ओढायचा. दोराचं एक टोक खाली बुंध्याला बांधायचं आणि लोंबत्या बाजूने, पायातल्या फासावर आणि हातातल्या पकडीवर जोर देत, उठाबशा काढल्यासारखं वर सरकायचं.

“खाली कशाला बांधता? वरच बांधा की,” मी म्हटलं.

“वर मला काय झालं, तर खालच्या मानसाला मला उतरवता यावं म्हनून. सगळा जीव त्या गाठीत असतोय. तिच्यापासनं हालायचं न्हाई कुनी.”

“आणि हललं तर?”

“मग... तुमची-माझी वळख तेवढीच म्हनायची.”

थट्टाच होती ती. दुसऱ्या दिवशी मात्र तो थट्टा न करता बोलला. त्याचा बाप शेळ्यांना पाला तोडायला बाभळीवर चढला आणि तिथूनच पडून गेला. दोर नव्हता. म्हणून हा पुण्याला जाऊन दोराचं काम शिकून आला. हे सांगताना त्याचे हात दोर चाचपत होते, वीत वीत करून, आणि मी त्या हातांकडे बघत राहिले. आमच्या घरात धनगराचा मुलगा आवडला असं म्हणायची सोय नाही. पण आवडला. त्याला कोण काय करणार?

तिसऱ्या दिवशी दुपारी त्याच्या करवतीची साखळी तुटली. खाली गाठ सांभाळणारा त्याचा चुलतभाऊ अर्जुना नवी आणायला इस्लामपूरला निघाला.

“घटकाभर गाठ बघशीला?” बिरदेवने वरूनच विचारलं.

मी खुर्ची ओढून बुंध्याशी बसले. “मी इथं बसले तर तुमचं लक्ष खाली जाईल.”

“ते परवापासनं खालीच हाय.”

मी लाजले. आणि लाजून दुसरं काही सुचेना, तेव्हा वाटलं, याला आल्याचा चहा करून द्यावा. तो फांदीवर निवांत टेकला होता. दोनच मिनिटं तर लागणार होती! मी आत गेले.

तेवढ्यात आबा रानातून आले. करवत बंद, खुर्ची रिकामी, बुंध्याला सैल दोर. त्यांना वाटलं, मंडळी जेवायला गेली. पसरलेला दोर त्यांना बघवत नाही. त्यांनी गाठ सोडली आणि दोराचं नीट वेटोळं करायला घेतलं. वर, पानांच्या आड, बिरदेवने कमरेची, फांदीला अडकवलेली आखूड दोरी सोडली आणि उतरण्यासाठी दोरावर भार टाकला.

मी चहा गाळत होते, तेव्हा तो आवाज आला.

तोडलेल्या फांद्यांच्या ढिगावर पडला म्हणून जगला. कंबर मोडली, उजवी मांडी मोडली. मिरजेच्या दवाखान्यात त्याला मीच नेलं. चालेल, पण झाडावर पुन्हा नाही, असं डॉक्टर म्हणाले. पोलीस जबाब घ्यायला आले, तेव्हा तो भिंतीकडे बघत म्हणाला, “माझीच गाठ सैल हुती.”

ती बातमी आटपाडीला लगेच पोहोचली. बारा पोरं त्याच्याकडे दोराचं काम शिकणार होती, त्यांनी परस्पर दुसरीकडे नावं दिली. ज्याची स्वतःची गाठ सुटते, तो काय शिकवणार? त्याची आई तानुबाई खाटेशी स्टुलावर बसून एकच बोलायची, “बाप बिनदोराचा पडला. ल्योक दोर असून पडला.” आणि मी ते ऐकून गप्प बसायची. चार दिवस गप्प. भित्री आहे मी.

पाचव्या दिवशी तानुबाई पाणी आणायला गेली, तेव्हा मी विचारलं, “खोटं का बोललात?”

त्याने चादरीची कड वीत वीत चाचपली. मग म्हणाला, “तुमच्या घरी मला पुन्हा यायचं हुतं... मागनी घालायला. आबांना गुन्हेगार करून कसा आलो असतो?”

“त्यासाठी स्वतःचं नाव घालवलं?”

“झाड तर गेलंच हुतं,” तो म्हणाला. “म्हटलं, तुमी तरी ऱ्हावा.”

मला रडू फुटलं. अशी मागणी जगात कुणाला आली असेल का?

मी घरी आले. आबा चार दिवस जेवले नव्हते. मी म्हटलं, “आबा, तुम्ही सांगताय, का मी सांगू?” ते उठले. इस्त्रीचा सदरा घातला, बूट पुसले आणि निघाले.

मी दवाखान्यात परतले; आबा तिथे आले ते संध्याकाळी. तानुबाईसमोर ताठ उभे राहिले. “बाई, तुमच्या पोराची गाठ पक्की होती. दोर मी सोडला. ठाण्यात लिहून देऊन आलोय.”

तानुबाईने त्यांच्याकडे पाहिलं, मग माझ्याकडे. “आन् तू कुटं हुतीस?”

“चहा करायला गेले होते,” मी म्हटलं. “त्याच्यासाठी.”

बिरदेवने डोळे मिटून घेतले. मग तानुबाई गुडघ्यावर हात टेकत स्टुलावरून उठली आणि तिने ते स्टूल खाटेच्या आणखी जवळ सरकवलं.

“माझ्या घरात तू चहा करायचा न्हाईस,” ती म्हणाली. “बस हितं. आता हालू नगंस.”

मी बसले.