जांभळ्या पाकिटाचा शोध

"टेबल डगमगत नाहीये!" फटाकडी एकदम ओरडली.

लंबूच्या हातातला ग्लास पडता पडता वाचला. "मग रडू का? सोमवारी ह्याच टेबलाने माझ्या पँटवर पाणी सांडलं होतं. सगळे हसले होते!"

"तेच म्हणतेय मी! सोमवारी डगमगत होतं, बुधवारी पत्रं दिल्यापासून डगमगायचं थांबलं. सुतार तर आला नाही!"

सुट्टीतल्या शिष्टाचार वर्गाचा आज शेवटचा दिवस होता. चार वाजता पालकांसमोर 'आदर्श जेवणाचं टेबल' सादर व्हायचं होतं, आणि फटाकडी, लंबू व कुजबुज हे तिघे मांडामांड करत होते. कोणाचा शर्ट रोज तोच असतो, कोण 'आभारी आहे' म्हणताना घड्याळ बघतं, सगळं फटाकडीच्या डोक्यात टिपलेलं असे. डोक्यातलं तोंडावाटे बाहेर पडे, एवढीच अडचण होती.

त्या अडचणीमुळेच ती इथे आली होती. तीन आठवड्यांपूर्वी आत्याने पाहुण्यांसमोर गाणं म्हटलं, आणि फटाकडी म्हणाली, "आत्या, तुझ्यापेक्षा आपला कुकर सुरात शिट्टी मारतो!" पाहुणे हसले, आत्या ताटावरून उठली. तेव्हापासून बोलणं बंद. जहाजावर परिचारिका असलेली आत्या आज संध्याकाळी दोन वर्षांसाठी निघणार होती.

तोंडाने माफी मागायला गेलं की भलतंच निघे. म्हणून वर्गात सरांनी पत्रं लिहून घेतली, तेव्हा फटाकडीने चार कागद फाडून पाचवा जांभळ्या पाकिटात घातला होता. "मी आजच टपालात टाकतो, उद्या सगळ्यांना मिळतील. शब्द म्हणजे शब्द!" शिष्टाचार सर म्हणाले होते.

आज शनिवार. आत्या अजून गप्पच. पत्र वाचूनही तिने माफ केलं नाही, असं समजून फटाकडी दोन रात्री उशीत तोंड खुपसून रडली होती. पण आज सकाळी लंबू म्हणाला, मामाला त्याचं पत्र मिळालंच नाही. कुजबुजच्या आजोबांनाही नाही!

लंबूने टेबलक्लॉथ उचलून खाली डोकं घातलं. बाहेर आला तो डोळे विस्फारून.

"टेबलाच्या पायाखाली आहेत! आपली पत्रं! सगळा गठ्ठा! तुझं जांभळं सगळ्यात वर!"

फटाकडीला धक्काच बसला. तिनेही खाली डोकावून पाहिलं.

"ओढून काढू?" कुजबुज कुजबुजली.

"काय चाललंय?" सर दारात उभे! "टेबलाला हात लावायचा नाही! ग्लासांचा मनोरा कोसळेल!"

"सर, आमची पत्रं..." फटाकडी म्हणू लागली.

"मोठे बोलताना मध्ये बोलायचं नाही! नियम क्रमांक तीन. चला, पालक आले!"

फटाकडीचे कान लाल झाले. जिभेवर आलेलं तिने गिळलं आणि दोघांना कोपऱ्यात ओढलं. "त्यांचाच नियम त्यांच्यावर उलटवू. रुमाल पडला तर कोण उचलतं?"

"यजमान," लंबू म्हणाला. "पाहुण्याने वाकायचं नाही... अगं! आणि आज यजमान तर सर आहेत!"

चार वाजता हॉल भरला. बाबांनी आत्यालाही ओढून आणलं होतं. ती पहिल्या रांगेत, पण मान खिडकीकडे. तिची बॅग पायाशी तयार होती.

सर ऐटीत बोलत असताना, पाहुणा बनून टेबलाशी बसलेल्या लंबूचा रुमाल पडला. लांबलचक पायाने त्याने तो थेट टेबलाच्या पायापर्यंत सरकवला.

"सर," लंबू आदबीने म्हणाला, "माझा रुमाल पडला."

"पाहा पालकहो, असा प्रसंग आल्यास यजमान..." सरांनी हसत टेबलक्लॉथ वर केला, वाकले, आणि तसेच राहिले.

"अहो, ती पाकिटं कसली?" आत्याने विचारलं. "त्या जांभळ्यावर माझं नाव आहे!"

सरांनी घाबरून गठ्ठा ओढला. टेबल कलंडलं. मनोरा कोसळला आणि सगळं पाणी सरांच्या कोटावर!

हॉलमध्ये सगळे माना उंचावून बघू लागले. शिष्टाचार शिकवणारा माणूस, आणि मुलांची पत्रं टेबलाच्या पायाखाली!

"सर, ती आमची पत्रं आहेत!" कुजबुज चक्क मोठ्याने म्हणाली. हा दुसरा धक्का.

पाणी निथळत सर उभे राहिले. "टेबल डगमगत होतं. हाताशी गठ्ठा होता. नंतर टपालात टाकू म्हटलं, आणि विसरलो. मुलांनो, मला माफ करा. पुढच्या वर्गात पहिल्या बाकावर मीच बसायला हवं."

आत्याने पाकीट फोडलं होतं. ओलसर कागदावर लिहिलं होतं: 'आत्या, गाण्याबद्दल माझं मत काहीही असो, चारचौघांत तुला खाली बघायला लावलं, ते चुकलंच. तू गेलीस की मला ओरडणारं कोणी उरणार नाही.'

आत्याने दोनदा वाचलं, नाक पुसलं. "म्हणजे मत अजून तेच आहे तर!"

फटाकडीने तोंडावर हात ठेवला.

"अगं बाई, ही तोंड मिटून उभी आहे!" आत्याने तिला जवळ ओढलं. "तो रुमाल उगाच नाही पडला! हुशार गं तुम्ही तिघं. कोणाला उलटं न बोलता चूक उघड केलीत!"

बाबांनी लंबूची आणि कुजबुजची पाठ थोपटली. मग आत्या उभी राहिली आणि म्हणाली, "निघण्याआधी एक गाणं म्हणते."

सूर पहिल्याच ओळीत घसरला. लंबूने भुवया उंचावून फटाकडीकडे पाहिलं. तिने ओठ घट्ट मिटले होते, आणि गाणं संपताच सगळ्यांत आधी टाळी तिचीच वाजली!