कोऱ्या पानावरचा अंगठा

ही गोष्ट खरी आहे. वडिलांनी ती मला एकदाच सांगितली, तीही दाराला कडी घालून. शेवट मात्र मी स्वतः पाहिलाय.

साल १९३२, चैत्र महिना. सोलापूरची साखर पेठ.

माझे वडील श्रीमंत मास्तर तेव्हा तेवीस वर्षांचे. मोहोळहून नोकरीसाठी आलेले. घरात त्यांची आई, म्हणजे माझी आजी बजाबाई, आणि सतरा वर्षांची धाकटी बहीण सोना.

सोनाआत्याला मुदतीचा ताप आला. वैद्य म्हणाले, "एकविसावा दिवस निघाला तर पोरगी तुमची."

तिचं मन रमावं म्हणून वडिलांनी मंगळवार बाजारातल्या रद्दीतून गोष्टींचं एक पुस्तक आणलं. पुठ्ठा गेलेला, लेखकाचं नाव नाही. सगळ्या गोष्टी मंतरलेल्या लेखण्यांच्या. एका तलाठ्याचा टाक त्याच्या मनातलं सगळं दप्तरात उतरवायचा, बायकोबद्दलचंसुद्धा! आत्या पोट धरून हसली. एका मोरपिसाला ताटातुटीचं पत्र लिहवेना, तिथं ती रडली.

"आण्णा, आनखी एक वाच की," ती हट्ट करायची.

वाचन चाललं की ताप उतरायचा.

थांबलं की…

पुन्हा चढायचा.

आजी चुलीजवळून ऐकायची. तिला अक्षर येत नव्हतं.

विसाव्या दिवशी गोष्टी संपल्या. शेवटची पानं कोरीच होती. वडिलांनी जुन्याच गोष्टी पुन्हा वाचल्या, पण ताप हटेना. तिन्हीसांजेला आत्याचे ओठ काळे पडले. हाक मारली तरी ओ देईना.

"वाच रं! कायबी वाच!" आजी ओरडली.

"संपलं आई. पानं कोरी हायती."

"मग मनाचं वाच!"

वडिलांनी काहीतरी रचून सांगायला सुरुवात केली. दोन वाक्यांपुढं काही सुचेना.

शेजारच्या कमलम्माचा हातमाग दिवसभर खटखटायचा. तो थांबला.

गल्लीतली पोरं गप्प झाली.

आत्याचा श्वाससुद्धा ऐकू येईना.

आणि मग…

कर्र… कर्र…

कागदावर टाक ओढल्याचा आवाज. घरातला टाक तर कोनाड्यात होता, दौतीशेजारी. हलतही नव्हता.

आवाज पुस्तकातून येत होता.

वडिलांनी कोरं पान उघडलं. त्यावर ओली अक्षरं होती. त्यांनी ती मोठ्यानं वाचली.

'पोरगी वाचेल. बदल्यात हवं ते घेऊ. कबूल?'

"कबूल! माझा जीव घ्या!" त्यांनी टाक उचलला आणि खाली सही केली.

शाई उमटली नाही.

पुन्हा टाक बुडवला, पुन्हा लिहिलं. सहीची जागा कोरीच.

"काय मागतंय ते?" आजीनं विचारलं.

"त्ये सांगितलं न्हाय, आई. थांब, तू नगं…"

"मागू दे की. लेक माजी हाय."

तिनं दौतीत अंगठा बुडवून पानावर दाबला.

अंगठा लख्ख उमटला.

शेजारचा माग सुरू झाला. आत्याला दरदरून घाम फुटला. तिनं डोळे उघडले, पाणी मागितलं. वडील लहान पोरासारखे रडू लागले.

"आई, सोना वाचली गं!"

आजी आत्याकडं बघत राहिली. खूप वेळ. मग डोक्यावरचा पदर सारखा करून हळूच म्हणाली,

"कुणाची रं ही पोर? हिच्या आईला कळवलंस का?"

सकाळी पुस्तक घरात नव्हतं.

आजी पुढं एकोणीस वर्षं जगली. तिला मोहोळच्या शेजारणी आठवायच्या, बैलांची नावं आठवायची. फक्त सोना नाही. आत्या रोज पाया पडून सांगायची, "मी तुजी लेक." आजी मान हलवायची आणि तिला पाहुणीसारखं जेवायला वाढायची.

आजी गेली तेव्हा मी आठ वर्षांची होते. आत्या तिचं डोकं मांडीवर घेऊन बसली होती. आजीनं तिच्या गालावरून हात फिरवला.

"किती करता वो बाई माजं. आता घरी जावा. तुमची आई वाट बघत आसंल."

आत्या जागची हलली नाही.

आता माझंही वय झालंय. परवा लेकीला हाक मारायला गेले, तर तिचं नाव क्षणभर आठवलंच नाही…

वयच झालंय, दुसरं काय.

तेवढंच असेल ना?