ट्रे साचतात तिथे

धक्का कुणी दिला यावर त्या दोघांचं अजून एकमत नाही. तिचं म्हणणं, तो पाठमोरा चालत होता. त्याचं म्हणणं, हातात ट्रेची एवढी चळत घेऊन कुणी धावतं का? चष्म्यांच्या त्या कारखान्यात, जिन्याच्या वळणावर, दोघं एकमेकांवर आदळले, ट्रे घरंगळले आणि एक नवी कोरी काच त्याच्या बुटाखाली कर्रकन फुटली.

"हललात तर याद राखा!" ती ओरडली आणि गुडघ्यांवर बसून काचा वेचू लागली.

तो खरंच हलला नाही. एक पाय वर, हातात रंगीत चिठ्ठ्यांचा गठ्ठा, चष्मा नाकाच्या टोकावर... अगदी बगळा.

"पाय टेकू का आता? गोळा येतोय पायात."

"टेका. पण कुठे टेकताय ते बघून टेका."

"चष्म्याच्या कारखान्यात हे ऐकायची वेळ यावी..." तो पुटपुटला, आणि तिला हसू फुटलं. रागावलेल्या माणसाने असं हसायचं नसतं, पण हसली खरी.

ती तिथली तपासनीस. घासून आलेली प्रत्येक काच यंत्राखाली धरायची, नंबर पाहायचा, ओरखडा दिसला की परत पाठवायची. एका गिऱ्हाइकाचा चष्मा म्हणजे एक ट्रे. तो घासणीकडून तिच्याकडे यायचा, तिच्याकडून फ्रेम बसवणाऱ्या मावशींकडे आणि शेवटी मालकीणबाईंकडे जायचा. पॅकिंगमध्ये खोकी बांधता बांधता तिने संध्याकाळी बसून हे काम शिकून घेतलं होतं, आणि खिडकीजवळचं ते टेबल बाईंकडे भांडून मिळवलं होतं.

चष्मे वेळेवर मिळत नाहीत म्हणून दुकानदार कावले होते. तेव्हा बाईंनी बाहेरच्या एका कंपनीतून या माणसाला बोलावलं. काम कुठून कुठे जातं आणि कुठे अडकतं ते मोजायचं, चिठ्ठ्या लावून भिंतीवर मांडायचं, हा त्याचा उद्योग. गळ्यात सतत स्टॉपवॉच. जेवणाच्या सुट्टीपर्यंत त्याचं बारसंही होऊन गेलं होतं... घड्याळबाबा!

बाबा म्हणावं असं त्याचं वय मुळीच नव्हतं, हे तिने तेवढ्यात बघून ठेवलं.

"आमच्या टेबलाकडे कधी येणार?" दोन दिवसांनी तिने त्याला विचारलं. म्हणजे... कामाचंच विचारलं.

"जिथे ट्रे साचतात तिथे मी जातो. तुमच्याकडे साचतच नाहीत."

"म्हणजे जो नीट काम करतो त्याच्याकडे बघायचंच नाही?"

"बघतो ना," तो म्हणाला, आणि त्याचे कान लाल झाले. "म्हणजे... लांबून."

झालं! त्या "लांबून"ने तिची झोप उडवली. घरी दूध उतू जायचं आणि ती खिडकीत उभी असायची. चप्पल घालायची, काढायची, पुन्हा घालायची.

"पायाला भिंगरी लागलीय का तुझ्या?" आई म्हणाली. "कुणी हुरहूर लावलीय जिवाला?"

"काहीतरीच काय, आई!"

"मग केस दोनदा का विंचरलेस?"

दुसऱ्या दिवशी तिने एक ट्रे अडवला. एकच. काच तपासून झाली होती, पण मावशींकडे सरकवायच्याऐवजी तो कोपऱ्यात ठेवला. मग त्यावर दुसरा. तिसरा ठेवतेय तोवर पावलं वाजली.

"साचलेत की," तो म्हणाला.

"साचलेत खरे," ती म्हणाली, आणि काचेकडे बघत राहिली. त्या काचेतून तिला काहीही दिसत नव्हतं.

तो यायला लागला. ओरखडा कसा ओळखता, असं त्याने विचारलं. तिने सांगितलं. दुसऱ्या दिवशी त्याने तेच पुन्हा विचारलं, तिनेही पुन्हा पहिल्यापासून सांगितलं. मनगटाच्या मागच्या बाजूने चष्मा वर सारायची त्याची सवय तिला पाठ झाली. तो निघून गेला की तिला खुर्ची टोचायला लागायची. मग आपोआपच एखादा ट्रे कोपऱ्यात जायचा.

तो मात्र इमानेइतबारे सगळा वेळ लिहून घेत होता.

एका दुपारी मावशी तिच्या कानाशी लागल्या. "अगं, कळलं का? सगळ्यात जास्त वेळ तुझ्याच टेबलावर जातो म्हणे. उद्या घड्याळबाबा बाईंसमोर मांडणार आहेत. हे टेबल मोडून मोठं यंत्र आणायचं आणि तुला दुकानात, काउंटरवर पाठवायचं."

आपल्या हाताने केलं होतं सगळं! सांगावं तर का अडवले हेही सांगावं लागणार, न सांगावं तर टेबल गेलंच. रात्रभर ती या कुशीवरून त्या कुशीवर होत राहिली.

सकाळी सगळे भिंतीसमोर जमले. तिच्या टेबलाच्या चिठ्ठीवर भलंमोठं लाल वर्तुळ होतं. बाई म्हणाल्या, "बोला."

घड्याळबाबा उभा राहिला. त्याने आकड्यांकडे पाहिलं, तिच्याकडे पाहिलं.

"बाई, ही मोजणी... चुकलीय. मी वरच्या मजल्यावर होतो तेव्हा या टेबलावर काहीच साचलेलं नाही. साचतं ते मी जवळ असलो की. दोष माझा आहे, मी उगाच प्रश्न विचारत..."

"खोटं बोलतायत ते!" ती ताडकन उठली. "ट्रे मी अडवत होते. मुद्दाम."

"मुद्दाम?" बाईंच्या भुवया वर चढल्या. "ते का?"

घासणीची यंत्रंसुद्धा नेमकी तेव्हाच बंद होती. तिने ओढणीचं टोक बोटाला गुंडाळलं.

"हे आले की... बरं वाटतं म्हणून."

मावशींनी तोंडावर पदर धरला. त्याच्या हातातली पेन्सिल खाली पडली. बाई एवढंच म्हणाल्या, "पुन्हा मोजा. आणि मोजायला दुसरा माणूस पाठवा."

दुसरा माणूस म्हणजे त्याचे साहेब आले. ते हसत नसत, बसत नसत. त्यांना ट्रे साचलेले सापडले ते बाईंच्याच दारात! प्रत्येक चष्म्यावर आपली सही हवी हा बाईंचा हट्ट, आणि बाई दिवसभर फोनवर. बाईंनी कपाळावर हात मारला आणि सहीची पद्धत मोडली. चष्मे ज्या त्या दिवशी दुकानात जायला लागले. तिचं टेबल राहिलं.

पण तो आला नाही. सोमवार गेला, मंगळवार गेला. काचा भराभर तपासून व्हायच्या, कोपरा रिकामा आणि तिची नजर दाराकडे. बरं वाटतं म्हणून सगळ्यांसमोर सांगून बसले, आणि या गृहस्थांचा पत्ता नाही! शेवटी तिने अर्ध्या दिवसाची सुट्टी टाकली, बस पकडली आणि थेट त्याच्या ऑफिसात जाऊन उभी राहिली.

"का नाही आलात?"

तो गडबडून उठला. "तुझं टेबल जाता जाता वाचलं. माझ्यामुळे. कोणत्या तोंडाने येणार होतो?"

"याच. दुसरं आहे का?"

तो हसला, आणि लगेच गंभीर झाला. "सोमवारी निघालो होतो. तुमच्या फाटकापर्यंत आलोही होतो. मग वाटलं, मी पुन्हा तिथे गेलो, तर पुन्हा तुझंच नुकसान..."

"माझं नुकसान कशात आहे ते मी ठरवते." "मला जे बोलायचं ते मी चारचौघांत बोलून बसलेय. तुमचं काय ते सांगा. नसेल काही तर तसं सांगा, मी जाते. पण हे असं टांगून नका ठेवू. कामात लक्ष नाही, जेवणात नाही..."

"माझंही नाही," तो म्हणाला. "मला तू फार आवडतेस."

पलीकडच्या टेबलावर साहेब होते. त्यांनी मान वर केली. घड्याळबाबाने खुर्चीवरची पिशवी उचलली.

"साहेब, मी आज लवकर निघतो."

"कारण?"

"हिच्या आईला भेटायचंय. लग्नाचं विचारायला."

सगळं ऑफिस वळून बघायला लागलं. ती कानापर्यंत लाल झाली.

"लग्नाचं मी कुठे म्हटलं?" ती कुजबुजली.

"नाही म्हटलंस. नको का?"

तिने त्याचा हात धरला आणि सगळ्यांच्या देखत त्याला दाराकडे ओढलं.