आईच्या गादीचा प्लग

दिवा राहू द्या तसाच, मंद. आणि ते मोबाइल जरा पालथे घाला बघू. मध्येच कुणाचा उजेड पेटला की मला सांगवत नाही... का, ते कळेल पुढे.

गोष्ट माझी नाही, माझ्या वायरमनची. तीस वर्षं मी त्याची शिडी धरली. तो वर, मी खाली. चांगला शिकलेला माणूस, पण हाताखालच्याला कधी तुच्छ लेखलं नाही. आणि खोटं म्हणाल तर त्याच्या तोंडून मी एकदाही ऐकलं नाही. म्हणून त्याने सांगितलं तसंच सांगतो, पदरचं काही घालत नाही.

तर वायरमन एक दिवस पाण्याच्या मोटरीचा कपॅसिटर आणायला दुकानात गेला. थंडीचे दिवस. बिल फुगलेलं, मीटर का पळतोय ते कळेना. दुसऱ्याच्या घरातला बिघाड पाच मिनिटांत सापडायचा, स्वतःच्या घरातला सापडत नव्हता. दुकानदाराने त्याच्यापुढे चार स्मार्ट प्लग ठेवले.

"हे लावा. घरात कोण किती वीज खातं ते फोनवर दिसतं."

"माझ्या घरात कोण किती खातं ते मला फोनशिवाय माहीत आहे," वायरमन म्हणाला.

"वहिनींना सांगू का?"

"नको बाबा. द्या चारही."

माहीत आहे तुम्हाला स्मार्ट प्लग? बरं. तरी सांगतो, मागून भांडण नको. भिंतीतल्या सॉकेटमध्ये हा खोचायचा आणि यंत्राची पिन ह्याच्यात. कधी चालू झालं, कधी बंद, किती वॅट खाल्ले, सगळं फोनवर लिहून येतं. घराबाहेरूनही चालू-बंद करता येतं. आणि एक आणखी, हे ध्यानात ठेवा. चालू कसं झालं तेही लिहून येतं. प्लगवरचं बटण दाबलं असेल तर 'हाताने'. फोनवरून केलं असेल तर 'फोनवरून'.

वायरमनने एक फ्रिजला लावला, एक गिझरला, एक मोटरीला. चौथा आईच्या गादीला.

आई चौऱ्याऐंशी वर्षांची, अंथरुणावर. पाय गेलेले, बोलणं मात्र खणखणीत. उभं आयुष्य छापखान्यात पुस्तकं बांधली होती तिने. कागद कापायच्या यंत्रात उजव्या हाताचं अंगठ्याशेजारचं बोट अर्धं गेलं, तेव्हापासून छापखान्यात तिचं नावच पडलं साडेनऊ. तिला राग नव्हता. मुलं लहान असताना ती अर्धं बोट नाचवत म्हणायची, "पाठीत धपाटा घातला तर साडेचारच बोटं उमटतील, अर्धी सूट."

थंडीत तिचे हात-पाय बर्फासारखे व्हायचे. म्हणून विजेवर तापणारी गादी आणलेली, अठ्ठावन्न वॅटची. वायरमनने कामावर जळालेली अंथरुणं पाहिली होती, म्हणून त्याने प्लगला टायमर लावला. गादी दोन तासांनी आपोआप बंद. रात्री दहाला लावायची, बाराला बंद. पहाटे तीनच्या सुमारास आईला थंडी वाजायची, ती हाक मारायची, वायरमन अर्धवट झोपेत उठून यायचा आणि बटण दाबायचा. प्लग दाराजवळ, खाटेपासून चार पावलांवर. आईचा हात तिथवर पोचणं शक्य नव्हतं.

बायको म्हणायची, "अहो, अंथरुणातूनच फोनवरून करा की. एवढे प्लग आणलेत कशाला?"

"आईसाठी फोन कशाला? मी आहे ना," वायरमन म्हणायचा. उठून जायचा, आईचे हात थोडा वेळ हातात धरायचा, मग झोपायचा.

आणि मग जानेवारीत बायकोचं ऑपरेशन ठरलं. मोठं इस्पितळ दुसऱ्या शहरात, तीन रात्री तिथे राहायचं. आईला कोण बघणार? वायरमनचा धाकटा भाऊ दोन गल्ल्या सोडून राहायचा. पन्नाशी आली तरी घरात त्याला सगळे छोट्याच म्हणायचे. गोड माणूस, हसरा, कुणाला नाही म्हणायचा नाही.

"दादा, तू बिनधास्त जा," छोट्या म्हणाला. "मी आईच्या खोलीतच खाट टाकतो."

"रात्री तीनला उठावं लागतं रे."

"तू उठतोस ना? मग मला काय झालं? आई काय तुझी एकट्याची आहे?"

वायरमनला बरं वाटलं. त्याने छोट्याच्या फोनमध्येही ते प्लगचं अॅप घालून दिलं, असू दे म्हणून.

मंगळवारी, नऊ तारखेला तो बायकोला घेऊन गेला. बुधवारी सकाळी आईला फोन केला.

"आई, छोट्या आहे ना जवळ?"

"आहे रे, आहे," आई म्हणाली. मग जरा थांबून... "हात फार गार पडतात रात्री. तू तिचं बघ. माझी काळजी करू नकोस."

गुरुवारी सकाळी सहाला छोट्याचा फोन आला. आई गेली होती.

फोनवर रडत होता तो. "दादा, मी जवळच होतो. रात्रभर हात धरून बसलो होतो. गादी गरम होती. झोपेतच गेली रे, काही कळलंसुद्धा नाही तिला."

ह्या एका गोष्टीवर वायरमन सावरला. आपण नव्हतो, पण भाऊ होता. भेटायला येईल त्याला तो हेच सांगायचा. मलाही शिडीवरून सांगितलं, दहादा तरी. "आईचा हात छोट्याच्या हातात होता." खाली मान घालून मी हो म्हणायचो.

दोन महिने गेले. आईची खोली बंदच होती. मार्चच्या पहिल्या आठवड्यात बिल आलं, तेव्हा वायरमनला प्लगांची आठवण झाली. चष्मा लावून फोन घेऊन बसला. फ्रिज ठीक. गिझर ठीक. मोटर ठीक.

आईच्या गादीने रोज वीज खाल्ली होती.

रोज. पहाटे तीन वाजून दहा मिनिटांनी चालू, दोन तासांनी बंद. अठ्ठावन्न वॅट. आणि प्रत्येक ओळीपुढे लिहिलेलं, 'हाताने'.

त्याने बायकोला विचारलं.

"मी?" ती म्हणाली. "टाके ओले असल्यापासून त्या खोलीत पाय नाही ठेवलाय मी. आणि पहाटे तीनला मी तुमच्या शेजारी घोरत असते, तुम्हीच तर चारचौघांत सांगत असता."

वायरमन हसला. बिघाड असेल, म्हणाला. खोली उघडली, गादीची पिन काढली, गादी गुंडाळून कपाटात टाकली. भिंतीत नुसता प्लग राहिला. रिकामा.

सकाळी फोन बघितला. तीन वाजून दहा. अठ्ठावन्न वॅट. 'हाताने'.

आता तुम्ही म्हणाल, त्यात काय, अॅप चुकलं असेल. पण वायरमनला ते पटेना. रिकाम्या प्लगमधून करंट जाणार कुठे? घ्यायला पलीकडे कुणी तरी लागतं ना.

हे सुरू कधी झालं ते बघायला तो मागे मागे जात राहिला. फेब्रुवारी. जानेवारी. अकरा तारखेच्या मागची पानं आली. आधी त्याच्या स्वतःच्या रात्री होत्या. दहाला 'हाताने', तीनला 'हाताने'. मग छोट्याच्या दोन रात्री.

मंगळवार, दहा वाजता चालू. 'फोनवरून'. बाराला आपोआप बंद. तीनला... काही नाही.

बुधवार, दहा वाजता चालू. 'फोनवरून'. बाराला आपोआप बंद. तीनला काही नाही. चारला नाही. पाचला नाही.

बराच वेळ तो ते बघत राहिला. मग भावाची बाजू घ्यायला लागला, मनातल्या मनात. खाटेवर पडल्यापडल्या फोनवरून लावली असेल. तीनला आईने हाकच मारली नसेल. दमला असेल बिचारा, झोप लागली असेल...

संध्याकाळी छोट्या आला तेव्हा वायरमनने सहज विचारल्यासारखं विचारलं. "त्या रात्री, छोट्या. गादी परत कधी लावलीस?"

"तीनला," छोट्या लगेच म्हणाला. "आईने हाक मारली, उठलो, बटण दाबलं, हात धरून बसलो. सांगितलं होतं ना तुला?"

इतकं सरळ बोलला. चहा फुंकत फुंकत.

वायरमन मला म्हणाला होता, चाळीस वर्षांत किती वेळा शॉक बसला, पण असा कधी नाही बसला. छोट्याला लहानपणी खांद्यावर घेऊन शाळेत पोचवलं होतं. त्याच्या लग्नात मांडवाची वायरिंग स्वतः केली होती. ओरडला असता तर बरं झालं असतं. पण तो माणूस ओरडणारा नव्हता. एवढंच म्हणाला, "आज राहा इथे. आईच्या खोलीत बसू दोघं."

"आज कशाला?"

"बसू रे. तेवढंच."

नाही म्हणता येईना छोट्याला. नाही म्हणायची सवयच नव्हती त्याला... आणि हो म्हटलेलं पुढे करायचीही नव्हती, एवढंच.

ती रात्र सात मार्चची. गुरुवार. दोघे आईच्या खोलीत. छोट्या आईच्या रिकाम्या खाटेशेजारी खुर्चीवर, वायरमन दाराशी स्टुलावर. दिवा मालवलेला. भिंतीत रिकामा प्लग.

बारा वाजले. छोट्या काही तरी गमती सांगत होता, लहानपणच्या. एक वाजला. गमती संपल्या. दोन वाजले.

मग बोलणंच संपलं.

थंडी पडायला लागली. मार्चमध्ये. खिडकी बंद होती.

तीन.

तीन पाच.

"दादा, जाऊ का मी? सकाळी काम आहे."

"बस."

तीन वाजून दहा.

टक.

प्लगवरचा निळा दिवा लागला. वायरमनपासून हातभर अंतरावर. त्याने बटणाला हात लावला नव्हता. कुणीच लावला नव्हता.

खोलीत आवाज नाही...

मग छोट्या हळूच म्हणाला, "दादा."

"काय?"

"हात सोड ना माझा."

वायरमनने स्वतःच्या हातांकडे बघितलं. दोन्ही मांडीवर होते.

"दादा, दुखतंय. सोड."

"छोट्या," वायरमन म्हणाला. "मी दाराशी आहे."

...

...

तो निळा दिवा, आणि त्याच्या उजेडात खुर्चीवर छोट्या. उजवा हात पुढे आलेला. खाटेकडे. हवेत. ताणलेला.

कुणी हलेना. किती वेळ, देव जाणे. मग छोट्या बोलायला लागला. वायरमनशी नाही. खाटेशी.

"मी नव्हतो आलो... आई, मी नव्हतो आलो. दोन्ही रात्री नाही. घरीच होतो. बाहेर थंडी होती गं... गादी घरूनच लावली फोनवरून. वाटलं, तेवढं पुरे होईल. सकाळी साडेपाचला आलो तेव्हा तू..."



"तुझे हात गार होते," तो म्हणाला. बस्स, इतकंच.

निळा दिवा गेला.

वायरमनने खोलीतला दिवा लावला. प्लगला हात लावून पाहिला, गारच होता. खाटेवर चादर जशीच्या तशी, एक चुणी नाही. छोट्या उठला आणि न बोलता घरी गेला. वायरमननेही काही विचारलं नाही. टायमर आपणच लावला होता, हेही त्याला त्याच खोलीत पहाटेपर्यंत बसून आठवत राहिलं.

त्या रात्रीनंतर प्लग पुन्हा कधी लागला नाही. वायरमनने तो काढलाही नाही. दोघे भाऊ कुणाच्या लग्नात भेटले तर बोलतात, बरं आहेस का, बरा आहे. त्याच्या पलीकडे नाही. गेलेलं काही शिडी लावून परत आणता येत नाही.

इथे संपली गोष्ट. पण तुम्ही विचाराल, काका, तुम्ही खरं कशावरून मानता?

मागच्या उन्हाळ्यात एका घरी काम होतं, तिथे छोट्या भेटला. घामाच्या धारा लागलेल्या, तरी अंगात लांब बाह्यांचा शर्ट, बटणं मनगटापर्यंत लावलेली. मला बघून हसला, मग खाली पडलेली पिशवी उचलायला वाकला. बाही वर सरकली.

उजव्या मनगटावर वळ होता. लालसर. भाजल्यासारखा, पण भाजल्याचा नाही. मी हात धरून बघितला. वर्ष उलटून गेलं होतं, तरी तेवढी जागा गरम लागली.

एका बाजूला अंगठा. दुसऱ्या बाजूला तीन बोटं पूर्ण.

आणि अंगठ्याशेजारचं... अर्धं.